महाग बोर्डाचे पहिले दिवस

गेमिंग पीसीच्या सगळ्या सुट्या भागांत मदरबोर्ड हा एकच असा, की त्यावर तिप्पट पैसे घातले तरी गेममध्ये फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढत नाहीत. एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी प्रोसेसर साध्या बी६५० चिपसेटच्या (बोर्डावरचे यूएसबी, लॅन वगैरे सांभाळणारी चिप) बोर्डावर जेवढा पळतो, जवळपास तेवढाच एक्स८७०ईच्या सगळ्यांत वरच्या बोर्डावर पळतो. फरक मोजायला बसलं, तर तो दोन चाचण्यांमधल्या नेहमीच्या चढउतारात हरवून जातो. दुकानदाराला हे ठाऊक असतं, कंपनीला तर असतंच, आणि घेणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांना असतं. तरी पन्नास हजारांच्या पुढचे बोर्ड खपतात. घेणारे सगळेच हौशे-नवशे नसतात, काहींकडे पक्की कारणं असतात. पण त्यातली थोडीच कारणं डब्यावर छापलेली असतात.

डब्यावर सर्वांत ठळक असतो तो फेजचा आकडा: १८+२+२, २०+२+१ अशी बेरीज. एसएमपीएसकडून (पीसीच्या वीजपुरवठ्याचा डबा) बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात, प्रोसेसरला लागतो एक-सव्वा व्होल्ट. ही उतरंड करणारा भाग म्हणजे व्हीआरएम, आणि प्रत्येक फेज त्यातला आपला वाटा उचलतो. एएम५ या एएमडीच्या सॉकेटवरच्या १७० वॅटच्या प्रोसेसरला जास्तीत जास्त २३० वॅट ओढायची मुभा असते. सगळेच्या सगळे गाभ्याकडे जातात असं धरलं, तरी सव्वा व्होल्टला ते १८४ अँपिअर होतात. १८ फेजमध्ये वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १० अँपिअर. आणि तिथे बसवलेले पॉवर स्टेज असतात ११० अँपिअरचे! म्हणजे एकूण १,९८० अँपिअरची तयारी, काम १८४ चं. ९८००एक्स३डीची मर्यादा तर १६२ वॅटच आहे आणि गेम खेळताना तो तिच्या बराच खाली राहतो. द्रवरूप नायट्रोजन ओतून विक्रम करणाऱ्यांना ही तयारी कामाची. बाकीच्यांसाठी नीट हीटसिंक असलेले आठ-दहा चांगले फेज पुरून उरतात. सोळा कोअरचा प्रोसेसर घेऊन तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करणाऱ्याला वरच्या बोर्डाचा व्हीआरएम थंड राहतो हा फायदा आहे, पण त्याच्यासाठीही मधला बोर्ड सहसा कमी पडत नाही.

त्यापेक्षा पीसीबीच्या, म्हणजे बोर्डाच्या मूळ पट्टीच्या, थरांवर गेलेला पैसा जास्त सत्कारणी लागतो, आणि त्याची जाहिरात फारशी होत नाही. स्वस्त बोर्ड सहा थरांचा असतो, वरचे आठ किंवा दहा थरांचे. थर जास्त असले की रॅमच्या तारांना दोन्ही बाजूंनी ग्राउंडच्या तांब्याच्या थराचं आवरण देता येतं, सिग्नल स्वच्छ राहतो आणि डीडीआर५ रॅम जास्त वेगाने चालते. याच कारणासाठी रॅमच्या विक्रमासाठी बनवलेल्या बोर्डांवर चारऐवजी दोनच स्लॉट असतात. चार स्लॉटच्या बोर्डात प्रत्येक चॅनलची तार एका स्लॉटला शिवून पुढच्या स्लॉटपर्यंत जाते. मधला स्लॉट रिकामा असला तर चालून जातं, पण रॅमच्या चारही कांड्या भरल्या की सिग्नल अडखळतो. एएमडीचे अधिकृत आकडेच पाहा: रायझन ९००० मालिकेत दोन कांड्यांना ५६०० चा वेग, आणि चार भरल्या तर ३६०० चा. म्हणून ६४ जीबी हवी असेल तर ३२ च्या दोन घ्याव्यात. १६ च्या चार घेऊन बोर्ड शोभिवंत दिसतो, एवढंच.

खरी गंमत लेनची, म्हणजे प्रोसेसरपासून इतर भागांपर्यंतच्या डेटाच्या वाटांची आहे, आणि वरचा बोर्ड घेणाऱ्यांची पहिल्या आठवड्यातली सर्वांत मोठी तक्रारही तीच असते. एएम५ च्या प्रोसेसरमधून पीसीआय एक्सप्रेस ५.० च्या २८ लेन निघतात. चार चिपसेटला जातात, उरतात २४: ग्राफिक्स कार्डाला १६, एका एम.२ ला (एसएसडीचा स्लॉट) ४ आणि आणखी ४ मोकळ्या. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या एक्स८७० आणि एक्स८७०ई बोर्डांवर एएमडीने यूएसबी४ सक्तीचं केलं. बहुतेक बोर्डांवर त्या मोकळ्या चार लेन यूएसबी४ च्या चिपला जातात. आता डब्यावर ‘जेन ५ च्या (म्हणजे पीसीआय एक्सप्रेस ५.० च्या) तीन एम.२’ असं लिहिलं असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्याला लेन आणणार कुठून? ग्राफिक्स कार्डाच्या सोळांतूनच. दुसरा एसएसडी त्या स्लॉटमध्ये बसला की कार्ड मुकाट्याने १६ वरून ८ लेनवर येतं. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हा आकडा पाहून बोर्ड खराब आहे म्हणून बदलून घ्यायला निघालेले लोक आहेत. बोर्ड खराब नसतो, तो मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरांत सांगितल्याप्रमाणेच वागत असतो.

नुकसान किती? कार्डही ५.० चं असेल तर फारसं नाही, कारण ५.० च्या ८ लेन म्हणजे ४.० च्या १६ इतकीच वाट. ४.० चं कार्ड असेल तर काही गेममध्ये दोन-चार टक्के जातात. पण एवढे पैसे मोजून तेही का घालवायचे? दुसरा एसएसडी चिपसेटवरच्या एम.२ मध्ये लावावा. तिथेही एक मेख आहे. एक्स८७०ईवर चिपसेटच्या दोन चिप एकामागे एक जोडलेल्या असतात आणि त्या दोघींची प्रोसेसरपर्यंतची वाट ४.० च्या चारच लेनची, म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबी. लॅन, वाय-फाय, साटा, मागचे बरेचसे यूएसबी आणि दोन-तीन एम.२ असे सगळे त्या एका वाटेवर. वाड्याला पालिकेची नळजोडणी एकच आणि तोट्या मात्र दहा, तसं. सगळ्या तोट्या एकदम सोडायची वेळ घरगुती वापरात सहसा येत नाही, म्हणून हे खपून जातं.

त्यामुळे बोर्ड पसंत करायची माझी पद्धत साधी आहे. जाहिरातीचं पान बाजूला ठेवायचं, कंपनीच्या साइटवरून मॅन्युअलची पीडीएफ उतरवायची आणि ब्लॉक डायग्राम उघडायचा. कोणता एम.२ प्रोसेसरला लागलाय, कोणता चिपसेटला, आणि तळटिपांमध्ये कोण कोणाच्या लेन खातो, हे दहा मिनिटांत कळतं. कित्येकदा मधल्या किमतीच्या बोर्डावर वाटणी जास्त शहाणी निघते.

डोळे मिटून पैसे द्यावेत अशा गोष्टी दोन. पहिली, बोर्डावरचा दोन अंकी कोड दाखवणारा छोटा डिस्प्ले. स्वस्त बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चारच दिवे असतात. पडदा काळा असताना ‘डीरॅम’चा दिवा लागलेला दिसला, तरी रॅम सापडतच नाही की सापडूनही चालत नाही, हे त्यातून कळत नाही. कोड नेमकं सांगतो. ५५ म्हणजे रॅम सापडलीच नाही. डी६ म्हणजे चित्र दाखवायला काही मिळालं नाही. कार्ड नीट बसलंय का, त्याच्या वीजकेबल लागल्यात का, ते बघा. १५ वर खूप वेळ थांबला तर बहुतेकदा रॅमचं ट्रेनिंग (ते काय, हे पुढे येतंच) चाललेलं असतं. दुसरी गोष्ट म्हणजे बायोस (बोर्ड सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) फ्लॅशबॅकचं बटण. प्रोसेसर नाही, रॅम नाही, फक्त एसएमपीएसच्या केबल लावून बायोस बदलता येतो. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा, बायोसच्या फाइलला कंपनी सांगेल तेच नाव द्यायचं, मागच्या खूण केलेल्या पोर्टात तो लावायचा आणि बटण दाबायचं. दिवा काही मिनिटं लुकलुकतो आणि विझतो. लगेच स्थिर पेटून राहिला तर फाइलचं नाव किंवा पेनड्राइव्हचं फॉरमॅट चुकलंय. हे बटण आता मधल्या बोर्डांवरही मिळतं, आणि ज्यावर नाही तो बोर्ड घेऊ नये. जिथे वीज केव्हाही जाते, तिथे तर नाहीच. बायोस लिहिताना मध्येच वीज गेली तर बोर्ड परत उठवायचा हाच घरच्या घरी करता येण्यासारखा उपाय.

आता बसवणं. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डावर असतात: १,७१८ बारीक सोनेरी स्प्रिंगा. त्यावरचं काळं प्लास्टिकचं झाकण हाताने काढायचं नाही. तरफ उचलायची, झाकणासकट चौकट उघडायची, कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून प्रोसेसर अलगद ठेवायचा आणि चौकट बंद करायची. तरफ खाली येताना झाकण आपोआप टक्कन उडतं. दाबताना बराच जोर लागतो आणि करकर आवाज येतो, त्याला घाबरायचं कारण नाही. झाकण मात्र डब्यात जपून ठेवायचं. बोर्ड वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर सॉकेट झाकलेलं असावं लागतं, आणि वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही.

वरच्या बोर्डांवर रॅमच्या स्लॉटला खटका एकाच बाजूला असतो. त्या बाजूने ‘टक’ आलं की काम झालं असं वाटतं, आणि दुसरं टोक अर्धा मिलिमीटर वर राहिलेलं असतं. कोड ५५ चं हे सर्वांत वारंवार आढळणारं कारण आहे. दोन कांड्या असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. एम.२ च्या हीटसिंकखालच्या थर्मल पॅडवर पारदर्शक प्लास्टिक असतं, ते सोलायचं राहून गेलं की एसएसडी तापतो आणि वेग आपटतो. नागपुरात मे महिन्यात तर पाहायलाच नको. प्रोसेसरच्या दोन ८-पिन जोडण्यांपैकी गेमिंगच्या प्रोसेसरला एक पुरते, एसएमपीएसला दुसरी नसेल म्हणून अडून बसू नये. मात्र जुन्या एसएमपीएसच्या मॉड्युलर केबल नव्याला लावू नयेत. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते आणि चुकलं तर एसएसडी, हार्ड डिस्क जळतात.

सगळं जोडून बटण दाबलं की पंखे फिरतात, रंगीत दिवे लागतात आणि पडदा काळाच राहतो. महागड्या बोर्डाचा पहिला अनुभव बहुतेकांचा हाच. डीडीआर५ चं कंट्रोलर प्रत्येक तारेवर थोडा उशीर, थोडं व्होल्टेज कमी-जास्त करून सिग्नल कुठे स्वच्छ वाचता येतो ते शोधत असतं, ते हे ट्रेनिंग. सप्टेंबर २०२२ मध्ये पहिले एक्स६७०ई बोर्ड आले, तेव्हा एएसरॉकने रॅमच्या स्लॉटवर स्टिकरच चिकटवला होता: रॅम किती तर पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ किती. ३२ जीबीच्या चार कांड्यांसाठी त्यावर ४०० सेकंद लिहिलेले होते. जवळपास पावणेसात मिनिटं काळ्या पडद्याकडे बघत बसायला कुणाचा धीर पुरतो? लोक चौथ्या मिनिटाला वीज बंद करत, पुन्हा लावत, ट्रेनिंग पहिल्यापासून सुरू होई, आणि मग बोर्ड मेला म्हणून दुकान गाठत. नंतरच्या बायोसांनी हा वेळ बराच खाली आणला. तरी रॅम बदलली, सीमॉस (बायोसच्या साठवलेल्या सेटिंग) साफ केलं किंवा बायोस बदलला की ट्रेनिंग पुन्हा होतंच. पंधरा मिनिटं हात लावू नये. त्यानंतरही काही नाही, तर एसएमपीएसचं बटण बंद करून सीमॉस साफ करावं आणि एकच कांडी दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवून बघावं. ‘एफ’वाले सोडले तर रायझन ७०००–९००० च्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये छोटं ग्राफिक्स असतंच, त्यामुळे कार्ड काढून बोर्डाच्याच एचडीएमआयला पडदा लावून पाहता येतं. निम्मा गोंधळ तिथेच सुटतो.

बायोस दिसला की एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे रॅमचा जाहीर वेग लावणारी तयार सेटिंग, चालू करायचं. ते केलं नाही तर ६००० ची म्हणून घेतलेली रॅम ४८०० वर चालत राहते, आणि कित्येकांची वर्षभर तशीच चालते. एएम५ ला ६०००, सीएल३० (रॅमच्या प्रतिसादाला लागणारा उशीर) हा सर्वांत सुखाचा आकडा. कंट्रोलर आणि रॅम एकाच वेगाने चालतात. ८००० ची महाग रॅम लावली तर कंट्रोलर निम्म्या वेगावर जातो आणि कमावलेलं बरंचसं तिथेच गमावलं जातं. दररोज ट्रेनिंगला वेळ जाऊ नये म्हणून ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर’ असतं. ते चालू केलं तर ‘पॉवर डाउन’चा पर्यायही चालू ठेवावा, नाहीतर निळे पडदे येण्याची तक्रार जुनीच आहे.

एक्स्पो चालू केल्यावर आणखी एक आकडा बघायचा, एसओसी व्होल्टेज, म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारं. २०२३ च्या एप्रिलमध्ये ७८००एक्स३डी प्रोसेसर जळाल्याचे फोटो येऊ लागले. प्रोसेसरची खालची बाजू फुगलेली, सॉकेटमधल्या नेमक्या त्याच जागच्या पिना काळ्या. एक्स्पो लावताच काही बोर्ड रॅम स्थिर राहावी म्हणून हे व्होल्टेज परस्पर १.३५ च्या वर नेत होते. एएमडीने कमाल १.३ व्होल्टची मर्यादा घातली आणि बोर्ड कंपन्यांनी नवे बायोस दिले. ६००० च्या रॅमला १.२ ते १.२५ सहसा पुरतात. ज्यांनी पहिल्या महिन्यात हौसेने बोर्ड घेतला आणि बायोस कधी बदललाच नाही, त्यांच्या पीसीत आजही तो जुना बायोस असू शकतो.

हा एएमडीवाल्यांचाच भोग होता असं नाही. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचा आय९ २५३ वॅटपर्यंत ओढावा असं ठरलेलं, आणि बऱ्याच वरच्या बोर्डांनी मूळ सेटिंगलाच ती मर्यादा ४,०९५ वॅट ठेवलेली, म्हणजे मर्यादाच नाही. चाचण्यांत आपला बोर्ड दोन टक्के पुढे दिसावा, एवढ्यासाठी. गेम अधूनमधून कोसळू लागले तेव्हा आधी ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरवर खापर फुटलं. २०२४ मध्ये इंटेलने बोर्डांना ठरलेल्या मर्यादा पाळायला लावल्या, मग मूळ दोष प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असल्याचा निघाला आणि ऑगस्टमध्ये त्यावर ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतली सुधारणा, बायोसमधून येते) आला. महाग बोर्ड जास्त जपून वागतो ही समजूत इथे पार उलटी ठरली.

कधी दोष थेट सोल्डरिंगचाच असतो. २०२१ च्या अखेरीस असूसच्या आरओजी मॅक्सिमस झेड६९० हीरोवर कोड ५३ येऊन रॅमजवळचे मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारे छोटे भाग) जळू लागले. जळालेल्या बोर्डांचे फोटो आणि आधीच्या परीक्षणांतले फोटो शेजारी ठेवून पाहिले, तर एका कपॅसिटरवरची अक्षरं उलटी होती. भागच १८० अंशांत फिरवून बसवला गेला होता! असूसने ते मान्य करून बोर्ड बदलून दिले, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत सुमारे १०,००० बोर्ड अधिकृतपणे परत मागवले गेले. सहाशे डॉलरचा बोर्ड, आणि चूक पकडली ती वापरणाऱ्यांच्या मोबाइलवरच्या फोटोंनी.

म्हणून नव्या चिपसेटचा बोर्ड बाजारात आल्याच्या दिवशी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. कारखान्यातून निघालेला बोर्ड अर्धाच तयार असतो, उरलेला अर्धा पुढच्या पाच-सहा महिन्यांत बायोसमधून घडतो. थांबण्याने चार पैसे वाचतात ते वेगळेच. बायोस बदलतानाही दोन गोष्टी. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर आधी स्थगित करायचा, नाहीतर टीपीएम (त्याची किल्ली जपणारी सुरक्षा चिप) नव्याने बसला की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागत बसतं. आणि बायोस बदलला की एक्स्पो, पंख्यांच्या सेटिंग, सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) सगळं मूळपदावर गेलेलं असू शकतं, ते पुन्हा तपासायचं. सिक्युअर बूट बंद राहिलं तर विंडोज ११ वर व्हॅलोरंट हा गेम सुरूच होत नाही, आणि लोक गेम पुन्हा उतरवत बसतात. नव्या बोर्डावर विंडोज टाकताना लॅन आणि वाय-फायचे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आधीच ठेवावेत. ताज्या नेटवर्क चिप विंडोजला ओळखू येत नाहीत आणि सेटअप इंटरनेट मागून अडून बसतं.

थांबण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे जुना वरचा बोर्ड घेणं. २०२२ चे एक्स६७०ई बोर्ड नव्या बायोसवर ९८००एक्स३डी चालवतात, त्यांची चिपसेट सिलिकॉन एक्स८७०ईचीच आहे, यूएसबी४ ची सक्ती नसल्यामुळे काहींवर लेनची वाटणी उलट ऐसपैस आहे, आणि एएम५ ला २०२७ पर्यंत व त्यापुढेही साथ देऊ असं एएमडीने सांगितलं आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा ओळखीतून असा वापरलेला बोर्ड मिळाला तर आधी सॉकेटचं झाकण उघडायला लावावं. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बोर्ड हळूहळू फिरवायचा. सरळ पिनांच्या रांगा एकदम चमकतात आणि एकदम विझतात. एखादी वाकलेली असेल तर तेवढीच वेगळ्या वेळी लकाकते. मग चारही रॅम स्लॉट एकेका कांडीने चालतात का ते बघायचं, मागचे सगळे यूएसबी तपासायचे, आणि बिलावरचा सीरिअल नंबर बोर्डावरच्या स्टिकरशी जुळवायचा. भारतात वॉरंटी साधारण तीन वर्षांची असते आणि पुष्कळदा ती सीरिअल नंबरावरच चालते, त्यामुळे तो स्टिकर खरवडलेला असेल तर किंमत कितीही उतरली तरी बोर्ड तिथेच ठेवून यावा.